योनाथानाचें धनुष्य

(शाब्बाथ शाळा व घरगुती उपासना यांसाठीं पाठ)

शास्त्रभाग: १ शमुवेल १८:१-४, २ शमुवेल ९:१-१३.
मुखपाठ वचन: २ शमुवेल २४:२४.
पाठाचा हेतु: ज्या दानांत देणाऱ्याचें कांहींच जात नाहीं, तें घेणाऱ्याच्या अंतःकरणापर्यंत पोंचत नाहीं, हें समजून घेणें.



शौलाचा पुत्र योनाथान यानें दावीदास आपला झगा, वस्त्रें, तरवार, धनुष्य व कमरबंद हीं दिलीं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. ती इतकी ओळखीची झाली आहे कीं, त्या दानांत काय होतें याचा विचार करावयास आपण थांबत नाहीं. या पाठांत त्यांतील एकाच वस्तूजवळ आपण थांबूं. ती वस्तु म्हणजे धनुष्य. तें कशाचें करितात, कसें घडतें, आणि तें दुसऱ्याच्या हातीं देणें म्हणजे काय देणें, हें क्रमानें पाहूं.

१. धनुष्याचें लाकूड

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या रानांत धामण नांवाचें झाड वाढतें. त्याचीं लहान फळें गुराखी मुलें आवडीनें खातात. त्याचें लाकूड चिवट व लवचीक असल्यामुळें हत्यारांचे दांडे व कावडीच्या काठ्या त्याच्या करितात. संस्कृतांत या झाडास धनुर्वृक्ष असें नांव आहे. नांवावरूनच कळतें कीं, आपल्या पूर्वजांनीं या झाडांत धनुष्य पाहिलें होतें. उत्तरेस सातपुड्यांत राहणारे भिल्ल बांधव आपलें धनुष्य वेळूचें करितात, आणि त्याची दोरीदेखील वेळूच्याच बारीक कांबीची असते. मिसर देशांत तुतनखामुन राजाची कबर इ. स. १९२२ मध्यें उघडण्यांत आली. तींत नुसत्या लाकडाचीं धनुष्यें सांपडलीं, तशींच लाकूड, शिंग व स्नायु एकत्र जोडून केलेलींही सांपडलीं. योनाथानाचें धनुष्य यांपैकीं कोणत्या जातीचें होतें हें शास्त्र सांगत नाहीं. परंतु कोणत्याही जातीचें असो, तें दिवसा दोन दिवसांत झालेलें नव्हतें.

२. धनुष्य घडतें कसें

पावसाळा सरून झाडांतील रस उतरला म्हणजे मनगटाएवढी जाड, सरळ व बिनगांठीची फांदी निवडावी. ती करवतीनें उभी न कापतां पाचर मारून फाडावी, म्हणजे लाकडाचे तंतु एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत अखंड राहतात. दोन्ही टोंकांस मेण लावून ती सावलींत ठेवावी. उन्हांत किंवा चुलीजवळ घाईनें वाळविलेलें लाकूड तडकतें. पुरतें वाळावयास कित्येक महिने लागतात.

पुढें वाकस, रंधा व कानस यांचें काम येतें. धनुष्यास पाठ असते व पोट असतें. जी बाजू नेम धरणाऱ्यापासून दूर, लक्ष्याकडे असते, ती पाठ. ओढतांना तिजवर सगळा ताण येतो. म्हणून सालीखालचा लाकडाचा थर तेथें जसाच्या तसा राखावा लागतो. त्यांतील एक तंतु जरी कापला गेला, तरी धनुष्य बहुधा तेथेंच मोडतें. जें तासावयाचें तें पोटाकडून. मध्यें मुठीची जागा जाड ठेवून दोन्ही बाहु टोंकांकडे निमुळते करीत न्यावे.

खरी कसोटी यापुढें आहे. अंबाडीच्या वाखाची दोरी वळून, मेण लावून, ती टोंकांच्या खाचांत अडकवावी, थोडीच ओढावी, आणि दुसऱ्या कोणास दुरून पाहावयास सांगावें. जो बाहु ताठ दिसेल त्याच्या पोटावरून कांचेच्या तुकड्यानें अगदीं थोडें खरवडावें. पुन्हा ओढावें, पुन्हा पाहावें. असें शेंकडों वेळां करावें, तेव्हां दोन्ही बाहु सारखे वांकूं लागतात. अधिक काढलेलें लाकूड परत लावतां येत नाहीं. ज्याचे बाहु विषम राहिले किंवा पिळले गेले, त्या धनुष्याचा बाण भलतीकडे जातो. देवापासून फिरलेल्या लोकांस स्तोत्रकर्त्यानें व होशेय संदेष्ट्यानें फसव्या धनुष्याची उपमा दिली आहे (स्तोत्र ७८:५७, होशेय ७:१६), ती ज्यानें असें धनुष्य हातांत धरलें आहे त्यास चांगली समजेल.

धनुष्य झाल्यावरही दोन नियम पाळावे लागतात. काम संपतांच दोरी उतरून ठेवावी, नाहींतर लाकूड वांकलेलेंच राहतें. आणि बाण न लावतां ओढलेली दोरी कधींही सोडूं नये. जो जोर बाणास मिळावयाचा तो धनुष्यांतच परततो आणि त्यास फोडतो.

३. एका धनुष्याची गोष्ट

येथें मला माझीच एक चूक सांगणें भाग आहे. माझ्या थोरल्या बंधूंचा व माझा एका बांधावरून तीन वर्षें अबोला होता. बांध कोणीं कोरला, याविषयीं दोघेही आपापलें म्हणणें घट्ट धरून होतों. प्रभुभोजनास एकाच मंदिरांत बसत असूं. परंतु मी एका भिंतीशीं, तर दादा दुसऱ्या. त्यांचा मुलगा मात्र माझ्याकडे येत असे. शाळेच्या सामन्यांत धनुर्विद्येचा खेळ पाहून आल्यावर त्यानें मजजवळ धनुष्य मागितलें. मला आनंद झाला. पण त्या आनंदांत खोट होती. माझी वस्तु दादांच्या घरीं भिंतीवर टांगलेली राहील व ती त्यांस रोज पाहावी लागेल, असें माझ्या मनांत आलें.

नाताळ तीन आठवड्यांवर होता. मीं एक ओली फांदी तोडली, चुलीजवळ शेकली व तासून धनुष्य केलें. नाताळच्या आदल्या दिवशीं मुलानें अंगणांत तें पूर्ण ओढलें, तों तें काडकन मोडलें. एक तुकडा त्याच्या कानाजवळून गेला. त्यास इजा झाली नाहीं, ही देवाची कृपा. दादा दारांत उभे होते. ते कांहीं बोलले नाहींत, व त्यांचें तें न बोलणें मला फार लागलें.

आमच्या शिवारांत सरळ फांदीची धामण एकच होती, आणि ती त्याच बांधावर होती. रात्रीं जाऊन फांदी आणावी, असा विचार मनांत आला. झाड माझें आहे, असें मी म्हणतच होतों. पण जें माझें म्हणून दिवसा सांगतों, तें रात्रीं जाऊन कां आणावें, याचें उत्तर मला मिळेना. शेवटीं जानेवारींत एका सकाळीं मीं दादांचें दार गांठलें.

“दादा, बांधावरच्या धामणीची एक फांदी पाहिजे. पोरासाठीं.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग आंतून कोयता घेऊन आले व म्हणाले, “चल. वरची नको. खालची सरळ आहे.”

ती फांदी दहा महिने माझ्या माळ्यावर वाळत पडली. महिन्या दोन महिन्यांनीं दादा येत, ती हातांत घेऊन तोलून पाहत, आणि चहा घेऊन जात. पुढें घडणीच्या दिवसांत दुरून पाहण्याचें काम त्यांनींच केलें. “डावा अजून ताठ आहे,” असें ते म्हणत, आणि मी खरवडीत असें. नाताळास धनुष्य मुलाच्या हातीं गेलें. त्यानंतर आम्हीं बांधाची सरकारी मोजणी करून घेतली. धामण दादांच्या हद्दींत निघाली.

४. योनाथानानें काय दिलें

आतां पुन्हा योनाथानाकडे वळूं. त्या काळीं इस्राएलांत लोहार उरला नव्हता, आणि लढाईच्या दिवशीं शौल व योनाथान या दोघांवांचून कोणाजवळही तरवार किंवा भाला नव्हता (१ शमुवेल १३:१९-२२). अशा दिवसांत शस्त्र देणें हें केवढें दान! शिवाय योनाथान बन्यामीन वंशाचा. त्या वंशाचे वीर दोन्ही हातांनीं बाण मारणारे म्हणून प्रसिद्ध होते (१ इतिहास १२:२). धनुष्य ही त्याच्या घराण्याची ओळख होती. आणि तो गादीचा वारस होता. झगा व धनुष्य मेंढपाळाच्या मुलास देतांना आपला हक्कही त्यानें सोडला, असें त्याच्या पुढील बोलण्यावरून दिसतें. कारण तूं राजा होशील व मी तुझ्या खालोखाल राहीन, असें त्यानें दावीदास रानांत सांगितलें (१ शमुवेल २३:१७).

त्याचा हक्क खरा होता, तरी त्यानें तो सोडला. माझा हक्क खरा नव्हता, तरी मीं तो तीन वर्षें धरून ठेविला. हा फरक मीं आपणांपुढें ठेवीत आहें, कारण आपल्या मंडळ्यांत असे बांध पुष्कळ आहेत.

योनाथान गिलबोवा डोंगरावर पडला, परंतु त्याचें दान तेथें संपलें नाहीं. दावीदानें त्याच्यासाठीं विलाप केला, व तें धनुष्यगीत यहूदाच्या वंशजांस शिकवावें अशी आज्ञा केली. पुढें त्यानें योनाथानाचा पांगळा मुलगा मफीबोशेथ याचा शोध केला, त्याच्या आजोबाची शेतभूमि त्यास परत दिली, आणि त्यास आपल्या पंक्तीस बसविलें. शेतभूमि परत दिली, हे शब्द आपण शेतकऱ्यांनीं सावकाश वाचावे.

उपदेशकांस सूचना

वर्गांत वेळूची एक ओली व एक वाळलेली कांब न्यावी व मुलांकडून दोन्ही वांकवून घ्याव्या. धनुष्य करणें झाल्यास लाकूड स्वतःच्या शेतांतील किंवा विकत घेतलेलें असावें. दाजीपूरचें रान इ. स. १९५८ पासून अभयारण्य आहे. तेथून चोरून आणलेलें लाकूड दान होऊं शकत नाहीं. वन्य प्राण्यांच्या शिकारीस इ. स. १९७२ च्या कायद्यानें मनाई आहे. म्हणून नेम गवताच्या पेंढीवरच धरावा, व मुलांजवळ वडील माणूस असावें. हें खेळणें नव्हे.

प्रश्न

१. दावीदानें अरवनाचें खळें व बैल फुकट कां घेतले नाहींत?
२. योनाथानाच्या दानांत त्याचें स्वतःचें काय गेलें?
३. या नाताळास आपल्या घरच्या कोणास आपण स्वतःच्या हातानें केलेलें कांहीं देऊं शकूं?
४. ती वस्तु करण्यासाठीं आपणांस कोणाच्या दारीं जावें लागेल?

ज्या देवबापानें आपला एकुलता पुत्र दिला, तो आपणांस देण्याची व मागण्याची लाज सोडावयास शिकवो. आमेन.