मिरचीची नवीन जात कशी तयार करतात?

मिरची सगळ्यांच्याच घरी असते. पण तिच्या नवीन जाती कशा करतात हे मला माहीत नव्हते. आमच्या वाडीत गडबड झाली तेव्हा कळले.

माझी आजी दरवर्षी भिवापुरी मिरचीचे बी राखून ठेवते. भिवापूर नागपूर जिल्ह्यात आहे. तिथल्या लाल मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मागच्या वर्षी बाबांनी बाजारातून लांब मिरचीची रोपे आणून शेजारीच लावली. आजी म्हणाली, "आता माह्या मिरच्या बिघडतीन." पण मिरच्या नेहमीसारख्याच लागल्या. आम्ही आजीला हसलो.

यंदा त्याच बियांची १४ झाडे झाली. त्यातल्या ५ झाडांना लांबट मिरच्या आल्या! आजी दोन दिवस कोणाशी नीट बोलली नाही. ते बी तिने माहेरून आणलेले होते.

मी गुरुजींना विचारले. गुरुजींनी फूल उघडून दाखवले. मिरचीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. म्हणून फुलाला आपल्याच परागाने फळ धरते. पण मधमाशी दुसऱ्या झाडाचा परागही आणते. फळ मात्र त्याच झाडाचे असते, म्हणून त्या वर्षी फरक दिसत नाही. फरक बियात लपलेला असतो. बी पेरले की तो दिसतो.

मधमाशी सहज करते तेच शास्त्रज्ञ मुद्दाम करतात. उमलायच्या आधीच कळी चिमट्याने उघडून पुंकेसर काढतात. मग दुसऱ्या जातीचा पराग लावतात आणि वरून पिशवी घालतात. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने 'एनपी ४६ ए' आणि 'पुरी रेड' यांचा असा संकर करून 'पुसा ज्वाला' काढली. आपल्या विदर्भात अकोल्याच्या कृषि विद्यापीठाची 'जयंती' ही जात आहे.

संकर केला की काम संपले असे नाही. दुसऱ्या पिढीत नाना तऱ्हेची झाडे निघतात. त्यातली चांगली निवडून पुन्हा पेरतात. असे सहा-सात पिढ्या चालते. झाडाला मिरच्या किती, वाळल्यावर वजन किती, बोकड्या रोग येतो का, हे सगळे लिहून ठेवतात. तिखटपणाही मोजतात. १९१२ साली अमेरिकेत स्कोव्हिल नावाच्या माणसाने मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत नेला. तिखट लागेनासे होईपर्यंत लोकांना चाखायला दिला. आता यंत्राने मोजतात. खरे तिखट बियात नसून आतल्या पांढऱ्या गाभ्यात असते. मी जीभ लावून पाहिली आणि दोन पेले ताक प्यालो.

आजीच्या जुन्या मिरचीसारख्या दिसणाऱ्या एका झाडाच्या फांदीला, कळ्या उमलायच्या आधी, आम्ही पातळ कापडाची पिशवी बांधली. आत मधमाशी जात नाही. आजी रोज फांदी हलवते. फळे धरल्यावर पिशवी काढून दोरा बांधला. त्या फांदीला ९ मिरच्या आहेत. त्या तोडायच्या नाहीत असे आजीने सगळ्यांना बजावले आहे.