खडू शेवटी

अंबाजोगाई

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझ्या चित्राचा फोटो पाहिला. नाक, डोळा, ओठ सगळं जागच्या जागी आहे, तरी चेहरा सपाट दिसतो. दोष खडूचा आहे. ग्रीक पुतळा पांढऱ्या प्लास्टरचा म्हणून उजेडाची सगळी बाजू तू खडूनं भरलीस. पगार एक तारखेलाच संपवावा तसं झालं. खऱ्या चकाकीसाठी हातात काही उरलं नाही.

प्लास्टर एकरंगी असतं, म्हणूनच ते शिकणाऱ्यापुढे ठेवतात. कातडी, केस, साडी यांच्या रंगांत डोळा फसतो. इथे दिसतो तो नुसता उजेडाचा चढउतार.

दिवा एकच ठेव, डावीकडून आणि वरून. कागद राखी घे. दोऱ्याला वजन बांधून ओळंबा धर आणि कपाळ, नाकाचा शेंडा, हनुवटी त्याच्या किती आत-बाहेर पडतात ते बघ. मग डोळे किलकिले करून छायेची हद्द आख आणि आतली सगळी छाया कोळशानं एकसारखी भर. छायेत परतून आलेला उजेड दिसेल, त्याला भुलू नकोस. छायेतली सर्वांत उजळ जागाही उजेडातल्या सर्वांत मंद जागेपेक्षा गडदच असते. मधल्या छटा बऱ्याचशा कागदच देतो. खडू अगदी शेवटी, मोजक्या ठिकाणी. तो कोळशात मिसळला की निळसर चिखल होतो, म्हणून दोघांमध्ये कागद मोकळा राहू दे.

‘ग्रीकांची नाकं किती दिवस काढायची?’ असं विचारतेस. हा वाद जुना आहे. कलकत्त्याच्या कलाशाळेतून तिथले प्रमुख हॅवेलसाहेब यांनी युरोपीय पुतळे काढून टाकले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते राहिले. त्याच जे. जे.मध्ये 1890 साली दाखल झालेले चित्रकार धुरंधर पुढे नऊवारीतल्या बायका आणि आपले सणसमारंभ रंगवत राहिले. गणपतराव म्हात्र्यांनी विद्यार्थी असताना घडवलेली ‘मंदिरपथगामिनी’ तर प्लास्टरचीच, आणि बाई अस्सल मराठी. ग्रीक नाकावर डोळा तयार झाला म्हणून यांचा हात परका झाला नाही.

दिवाळीला आलीस की हत्तीखान्यात बसू. खडकात कोरलेल्या त्या हत्तींवर तिरपं ऊन आलं की तोच धडा उलट बाजूनं मिळतो. दगड काळा म्हणून तुला कोळसा ओतावासा वाटेल, आणि उन्हात आलेली पाठ तू विनाकारण बुडवशील. पांढऱ्या पुतळ्यापुढे झाली तीच चूक. वस्तूचा रंग बाजूला ठेवून तिच्यावरचा उजेड बघायला शिकलीस, की पुढे प्लास्टर असो, दगड असो की आजीचा चेहरा, अडणार नाही.

पुढच्या चित्राचे दोन फोटो पाठव, एक खडू लावण्याआधीचा आणि एक नंतरचा. पहिल्यात गोलाई दिसली नाही, तर खडूला हात लावू नकोस.

तुझा,
मामा