चि. अनिरुद्धास

वाई



परवाच्या मुंजीत ऐन पंगतीच्या वेळी तुझ्या मावसभावाने मला बाजूस घेऊन जी बातमी सांगितली, ती ऐकल्यापासून जेवणावरची माझी वासनाच उडाली. व्यायामशाळेतल्या कोणा उस्तादाच्या शिफारशीवरून तू टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने सुरू करणार आहेस आणि सूनबाईस त्याचा पत्ताही नाही, असे तो म्हणाला. यातला पहिला भाग खोटा ठरला तर मला आनंद होईल. दुसरा खोटा ठरला तर त्याहून अधिक होईल.

चव्वेचाळिसाव्या वर्षी तुला थकवा येतो, कशात उमेद वाटत नाही, हे मी नाकारीत नाही. परंतु ज्या एका कागदाच्या आधारावर तू हे ठरविलेस, तो म्हणे कचेरीतून परतताना संध्याकाळी दिलेल्या रक्ताचा! हे संप्रेरक सकाळी चढते नि दिवस कलेल तसे उतरते. म्हणून सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, दोन निरनिराळ्या दिवशी तपासणी करावी, दोन्ही खेपेस आकडा डेसिलिटरमागे 300 नॅनोग्रॅमच्या खाली आला आणि लक्षणेही असली, तरच उपचाराचा विचार करावा, हा रिवाज आहे. शरीरक्रियाशास्त्र शिकविण्यात हयात घालविलेल्या काकाला तू एका शब्दाने विचारू नयेस? सुटलेले पोट, मधुमेह आणि अण्णांकडून वारशाने आलेले तुझे ते घोरत श्वास अडकणे, यांनीही ही पातळी खालावते. वजन उतरले तर पुष्कळदा ती आपोआप सुधारते.

माझी खरी धास्ती मात्र निराळी आहे. तुम्ही लग्न उशिरा केलेत आणि मुलासाठी दोघेही दवाखान्यांचे उंबरठे झिजवीत आहात. बाहेरचे टेस्टोस्टेरॉन शरीरात येऊ लागले, की खजिन्यात वसूल परस्पर जमा होताना पाहून हुकूम सोडणे थांबविणाऱ्या हुजूर कचेरीप्रमाणे मेंदूच्या तळाची पीयूषिका ग्रंथी वृषणांस धाडावयाचे आदेश आवरते घेते. मग शुक्राणूंची उत्पत्ती मंदावते, कित्येकांत पार थांबते. औषध सोडल्यावर ती बहुधा पूर्ववत होते, पण त्यास महिने लागतात, कधी वर्षाहूनही अधिक. सूनबाईचे वय लक्षात घेता ते महिने तू कोणाच्या आयुष्यातून खर्ची घालणार आहेस? आणि तेही तिला न विचारता?

अशा इंजेक्शनांची भुरळ जुनीच आहे. ब्राउन-सेकार हा नामांकित शास्त्रज्ञ 1889 साली, वयाच्या 72व्या वर्षी, कुत्र्यांच्या व गिनीपिगांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेऊन, गेलेले बळ परत आले असे पॅरिसच्या विद्वत्सभेत सांगून बसला. त्या पाणचट अर्कात संप्रेरक जवळपास नव्हतेच, हे पुढे उमगले. एवढ्या विद्वानास मनाने चकविले, तर तुझ्या उस्तादाची काय कथा!

रागावून लिहिले खरे. तरी हे औषध विषच आहे असे मी म्हणत नाही. ज्याच्या ठायी खरोखर न्यूनता आहे, त्याने ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावे, रक्त दाट होत नाही ना आणि प्रोस्टेट ठीक आहे ना, हे वेळोवेळी तपासून घ्यावे. हृदयविकाराचा धोका असलेल्या पाच हजारांवर पुरुषांवरची चाचणी 2023 साली प्रसिद्ध झाली. तीत हृदयविकाराचे झटके वाढलेले दिसले नाहीत, मात्र नाडीची अनियमितता व फुप्फुसात गुठळी होणे किंचित अधिक आढळले. औषध घेण्यात लाज कसलीच नाही. लपवाछपवी तेवढी नको.

माझीही उमेद चाळिशीत अशीच मावळली होती. मी रात्री पाठ फिरवून निजत असे; तुझ्या काकूने त्याचा दोष स्वतःकडे घेतला आणि वर्षानुवर्षे तो मनात वागविला. ‘तुझ्यात काही उणे नाही’ एवढे चार शब्द मला सुचले नाहीत. म्हणून पुन्हा विचारतो, सूनबाईस सांगितलेस का?

सांगणे जड जात असेल, तर आधी माझ्यापाशी बोल. लहानपणी गणिताचा निकाल आधी मलाच दाखवीत असस, तसा. संप्रेरकतज्ज्ञांकडे जाण्याचा संकोच वाटल्यास मी पुण्यास येईन, बाहेर वर्तमानपत्र वाचीत बसेन, आत काय झाले ते विचारणार नाही. सूनबाई बरोबर येणार असेल, तर माझी गरज नाही. मग मी येथूनच काकूचे मेतकूट आणि भाजणी पाठवून देईन.

तुझा,
आबाकाका