‘इंटरप्ट’ : अर्थ, उपयोग व अध्यापन

इंग्रजीच्या पाठात ‘इंटरप्ट’ हे क्रियापद आले म्हणजे आपण फळ्यावर ‘अडथळा आणणे’ एवढा अर्थ लिहून पुढे जातो. हा अर्थ चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. वाटेत पडलेला धोंडा हाही अडथळाच होय; पण त्यामुळे कोणाचे चालू काम मध्येच तुटले, तरच हे क्रियापद लागू पडते.

१. अर्थ व फोड. लॅटिनमध्ये ‘इंटर’ म्हणजे मध्ये व ‘रम्पेरे’ म्हणजे मोडणे. म्हणून ‘चालू असलेली गोष्ट मध्येच तोडणे’ हा मूळ अर्थ. पहिल्या भागाच्या शेवटी व दुसऱ्या भागाच्या आरंभी ‘आर’ असल्याने स्पेलिंगमध्ये दोन ‘आर’ लागोपाठ येतात. मुले त्यांपैकी एक गाळतात. ही फोड दाखविल्यास ती चूक टळते. उच्चारात जोर ‘रप्ट’वर द्यावा.

२. खंड आणि शेवट. तुटलेली गोष्ट पुन्हा सुरू होण्यास बहुधा वाव असतो. हा भेद आपल्या खानदेशातील उदाहरणांनी सांगता येतो. साने गुरुजींनी १९३० साली सत्याग्रहासाठी अंमळनेरच्या शाळेतील नोकरी सोडली. ती नोकरी संपली. तेथे ‘इंटरप्ट’ शोभत नाही. विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली; साने गुरुजींनी ती लिहून घेतली. एकही रविवार चुकला नाही. ही मालिका ‘विदाउट इंटरप्शन’, म्हणजे अखंड, चालली. एखादा रविवार चुकता, तर मालिका ‘इंटरप्ट’ झाली असे म्हणता आले असते.

३. वाक्यरचना. मराठीत आपण ‘माझ्या बोलण्यात व्यत्यय आणू नकोस’ असे म्हणतो. त्या वळणाने मुले ‘डोन्ट इंटरप्ट इन माय टॉक’ किंवा ‘इंटरप्ट टू मी’ असे लिहितात. हे क्रियापद थेट कर्म घेते. ‘इन’ वा ‘टू’ लागत नाही. ‘डोन्ट इंटरप्ट मी’ हे शुद्ध. चालू क्रिया व तिचा भंग एकाच वाक्यात दाखवावयाचा असता, ‘शी वॉज रीडिंग व्हेन ही इंटरप्टेड हर’ अशी काळांची जोडी वापरावी. वडीलधाऱ्यांच्या संभाषणात बोलावयाचे झाल्यास ‘सॉरी टू इंटरप्ट यू’ असे आधी म्हणणे हा शिष्टाचार आहे.

४. जवळचे शब्द. ‘डिस्टर्ब’ म्हणजे शांतता वा एकाग्रता भंग करणे. येथे काम न थांबताही चालू राहू शकते. ‘इंटरफिअर’ म्हणजे दुसऱ्याच्या व्यवहारात नको ती ढवळाढवळ करणे. शेजारचा वाजणारा बँड अभ्यासास ‘डिस्टर्ब’ करतो. वीज जाऊन मळ्यातील पंप बंद पडला, तर केळीला पाणी देणे ‘इंटरप्ट’ होते.

५. पाठाची रीत. एका मुलास गोष्ट सांगावयास लावावी व दुसऱ्याने ठरल्याप्रमाणे मध्येच बोलावे. पहिल्याचा धागा तुटताच हा शब्द उच्चारावा. मग घरी अहिराणीत, लेवा बोलीत वा पावरीत हेच कसे म्हणतात, ते मुलांनाच विचारावे. अर्थ तत्काळ पटतो.

शेवटी आपल्याविषयी एक गोष्ट. अहिराणी बोलणारे मूल वर्गात प्रथमच प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत वाक्य जुळवीत असते. पहिला शब्द चुकताच आपण ‘असे नव्हे’ म्हणून टोकतो. हेतू सुधारण्याचा असतो. घडते ते मात्र ‘इंटरप्शन’. एका वाक्यात तीनदा टोकलेले मूल चौथे वाक्य बोलावयास उठत नाही. म्हणून त्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे, मग तेच वाक्य शुद्ध स्वरूपात आपण सहज म्हणावे. मुलांना या क्रियापदाचा अर्थ शिकविताना त्याचा प्रयोग आपल्या हातून त्यांच्यावरच होऊ नये, एवढी दक्षता शिक्षकबंधुभगिनींनी अवश्य घ्यावी.

सराव : ‘इंटरप्ट’, ‘डिस्टर्ब’ व ‘स्टॉप’ यांची प्रत्येकी दोन वाक्ये गावातील प्रसंगांवरून मुलांकडून करवून घ्यावीत.