हंगाम बुडाल्यावरही सामने का बघायचे?

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त शिकागोला असतो. तिथला व्हाइट सॉक्स हा बेसबॉल संघ २०२४ च्या हंगामात १२१ सामने हरला, तरी हा सप्टेंबरात तिकीट काढून मैदानावर हजर. विचारलं तर म्हणतो, "मावशी, आपला संघ आहे, शेवटपर्यंत बघायचं." आपल्याकडे असं कुणी बघतं का? आणि हंगाम हातचा गेल्यावर बघण्यासारखं उरतं तरी काय?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : बघतात, आणि तुमच्या घरापासून रिक्षानं थोड्या वेळात पोहोचता येईल अशा मैदानावर बघतात. पण आधी भाच्याच्या संघाविषयी, कारण त्याची हकीकत खरंच वेगळी आहे.

अमेरिकेतल्या मुख्य बेसबॉल स्पर्धेत प्रत्येक संघ साखळीत १६२ सामने खेळतो, मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज. व्हाइट सॉक्सनी त्यातले ४१ जिंकले. १९०० नंतरच्या काळात एका हंगामात इतके पराभव कुणाच्याच वाट्याला आले नव्हते. १९६२ मधल्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० पराभवांचा नकोसा विक्रम त्यांनी मागे टाकला. जुलै-ऑगस्टमध्ये सलग २१ सामने हरले. ती मालिका तुटली आणि दोनच दिवसांत व्यवस्थापक पेद्रो ग्रिफोल यांना काढण्यात आलं. दुबळ्या संघाला पुढच्या वर्षी नव्या खेळाडूंच्या निवडीत आधीचा क्रमांक देण्याची तिकडे पद्धत आहे, पण नियमाच्या एका कलमामुळे यांना तेही मिळालं नाही. त्यांची पाळी दहावी लागली.

आता सप्टेंबर. १२० पराभव झालेले, आणि घरच्या मैदानावर एंजल्स संघाविरुद्ध शेवटचे तीन सामने. विक्रमी पराभव इथंच होणार असं सगळे धरून चालले होते. व्हाइट सॉक्सनी तिन्ही सामने जिंकले. १२१वा पराभव झाला तो दुसऱ्याच दिवशी, २७ सप्टेंबरला, डेट्रॉइटमध्ये. भाचा त्या तीनपैकी एखाद्या सामन्याला गेला असेल तर त्याला फोनवर जरूर विचारा. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्याच्याकडेच आहे.

उरलेलं अर्धं आपल्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर आहे, ज्याला अख्खं नाशिक अजूनही गोल्फ क्लब म्हणतं. महाराष्ट्राचा रणजी संघ आपले काही घरचे सामने इथं खेळतो, आणि या संघाच्या पाठीराख्यांइतका धीर फार थोड्या लोकांकडे असेल. प्रा. दि. ब. देवधर कर्णधार असताना महाराष्ट्रानं १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. त्यानंतर संघ १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ असा तीनदा अंतिम फेरीत पोहोचला आणि तिन्ही वेळा हरला. मधल्या काळात भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर असताना समोरच्या संघानं सामनाच सोडून दिला. त्याच हंगामात पुण्यातच मुंबईविरुद्धचा उपांत्य सामना झाला. महाराष्ट्रानं ४०७ आणि ६०४ धावा काढल्या आणि तरी ३५४ धावांनी हार पत्करली, कारण मुंबईनं ६५१ आणि ८ बाद ७१४ केल्या होत्या. चार डावांच्या २३७६ धावा हा प्रथम श्रेणी क्रिकेटमधला विक्रम आहे. दोन डावांत हजारावर धावा करून हरलेल्या संघाबद्दल माया वाटू नये तर काय वाटावं!

तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी जाण्याआधी गुणांचं गणित सांगायला हवं, कारण सगळी गंमत तिथं आहे. एलिट विभागात आठ-आठ संघांचे चार गट असतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साखळीत फक्त सात सामने. गटातले पहिले दोन बाद फेरीत जातात. निर्णायक विजयाला ६ गुण, डावानं किंवा दहा गडी राखून जिंकलात तर ७. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला ३ आणि दुसऱ्याला १. चार दिवस खेळून शेवटी निकाल लागत नाही, तरीसुद्धा पहिल्या डावातली एक धाव अख्खं वर्ष ठरवू शकते.

ही अतिशयोक्ती नाही. २४ जानेवारी २०२३ ला मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर महाराष्ट्र आणि मुंबई यांचा साखळीतला शेवटचा सामना सुरू झाला. ज्याला आघाडी मिळेल त्याचा बाद फेरीचा रस्ता मोकळा होणार होता. केदार जाधवनं १२८ धावांची खेळी केली, महाराष्ट्र सर्वबाद ३८४. मग मुंबई धावा जोडत जोडत पोहोचली ३८४ वर, आणि तिथंच सर्वबाद झाली. बरोबरी! आघाडी कुणालाच नाही, म्हणून दोघांनाही एकेकच गुण. शेवटच्या दिवशी मुंबईनं विजयासाठी धडपड केली, पण षटकं संपली. दोन्ही संघ बाहेर गेले. गटातून सौराष्ट्र आणि आंध्र पुढं सरकले, आणि सौराष्ट्रानं तर त्या वर्षी करंडकच उचलला. तीनशे चौऱ्याऐंशीतली कुठली एक धाव राहिली असेल? थर्डमॅनकडे सरकलेल्या चेंडूवर न घेतलेली दुसरी, की हातातून निसटलेला एखादा चौकार? महाराष्ट्राचा पाठीराखा आजही त्या धावेचा विचार करतो.

पुढं २०२४-२५ चा हंगाम तर सरळसरळ वाईट गेला. ऑक्टोबरात मुंबईविरुद्ध पहिला डाव १२६ वर आटोपला. सतरा वर्षांच्या आयुष म्हात्रेनं १७६ आणि श्रेयस अय्यरनं १४२ केल्या. दुसऱ्या डावात ऋतुराज गायकवाडनं १४५ धावा करून संघ ३८८ पर्यंत नेला, तरी नऊ गड्यांनी हार झाली. नोव्हेंबरात पुण्यात सेनादलाविरुद्ध, ऋतुराज भारत 'अ' संघाबरोबर ऑस्ट्रेलियात असताना, कर्णधारपद सांभाळणाऱ्या अंकित बावणेला स्लिपमध्ये झेलबाद दिलं गेलं. चेंडूचा आधी टप्पा पडला होता असं त्याचं म्हणणं, आणि साखळी सामन्यांत डीआरएसची सोय नाही. तो बराच वेळ खेळपट्टी सोडेना. सामना तर गेलाच, वर बावणेवर एका सामन्याची बंदी आली. पंचांचा निर्णय मानायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आधीच घसरणीला लागलेल्या संघात अनुभवी फलंदाजाला असा निर्णय किती झोंबला असेल, हेही समजू शकतं.

ती बंदी त्यानं भोगली नाशिकमध्ये. पाच फेऱ्यांनंतर रणजी स्पर्धा पांढऱ्या चेंडूच्या स्पर्धांसाठी थांबली होती, आणि २३ जानेवारी २०२५ ला गोल्फ क्लबवर बडोद्याविरुद्धच्या सामन्यानं महाराष्ट्राचा हंगाम पुन्हा सुरू झाला. कृणाल पंड्याचा बडोदा २७ गुणांसह गटात अव्वल. महाराष्ट्र पहिल्या दोनांच्या शर्यतीतून जवळजवळ बाहेर. तुमच्या भाषेत, हंगाम हातचा गेलेला.

आणि काय झालं? महाराष्ट्र २९७. बडोदा १४५. महाराष्ट्र ७ बाद ४६४ वर डाव घोषित. बडोदा १७७. महाराष्ट्राचा ४३९ धावांनी विजय.

आता याचा परिणाम बघा. त्याच सुमारास जम्मू-काश्मीरनं मुंबईला मुंबईतच हरवलं होतं. शेवटच्या फेरीत मुंबईनं मेघालयाला डावानं हरवून २९ गुण गाठले, आणि बडोदा जम्मू-काश्मीरकडून हरून २७ वरच राहिला. बडोद्याला नाशिकमध्ये नुसती पहिल्या डावाची आघाडी घेऊन सामना अनिर्णित ठेवता आला असता, तर त्यांचे ३० गुण होऊन मुंबई घरी बसली असती. पुढं मुंबई उपांत्य फेरीपर्यंत गेली. ज्या सामन्याला महाराष्ट्राच्या दृष्टीनं काही अर्थ उरला नव्हता असं म्हटलं जात होतं, त्यानं दोन बलाढ्य संघांचं वर्ष ठरवलं, आणि ते ठरलं त्र्यंबक रोडलगतच्या या मैदानावर. तिकडे जम्मू-काश्मीर उपांत्यपूर्व फेरीत केरळविरुद्ध कशामुळे बाहेर पडलं माहीत आहे? पहिल्या डावात २८० विरुद्ध २८१. तेही पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर.

तेव्हा उरतं काय, या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की रणजीत निर्जीव सामना नसतोच. आपल्या संघाला नाही तर समोरच्याला काहीतरी गमवायचं असतं. शिवाय संघाची आशा संपली तरी अकरा जणांच्या आशा संपत नाहीत. पुढच्या वर्षीच्या संघात जागा राहील का, आयपीएलच्या निवडकर्त्यांची नजर पडेल का, याच विवंचनेत प्रत्येक जण उतरतो. नाशिकचा रामकृष्ण घोष नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात चेन्नई सुपर किंग्जनं घेतला. डावखुरा फिरकी गोलंदाज सत्यजित बच्छाव हाही नाशिकचाच, महाराष्ट्राकडून खेळलेला. आपल्या गल्लीतला मुलगा गोलंदाजीच्या रनअपवर उभा असेल तर गुणतक्ता बघायला सुचतं कुणाला?

आणि एक गोष्ट दूरदर्शन संचावर कधीच मिळणार नाही. गोल्फ क्लबला मोठमोठे स्टँड नाहीत, त्यामुळे खेळ अगदी हाताशी असतो. जानेवारीत सकाळी साडेनऊला पहिलं षटक सुरू होतं तेव्हा हवेत गारठा असतो, आणि नवा चेंडू पहिला तासभर फलंदाजाला सुखानं उभं राहू देत नाही. स्लिपमधले तिघे-चौघे हातांवर फुंकर घालत वाकतात. यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हजमध्ये चेंडू बसल्याचा आवाज सीमारेषेपर्यंत येतो. दुपारी ऊन तापलं की तोच चेंडू मऊ पडतो, फिरकी गोलंदाज लांबलचक मारा सुरू करतो, आणि कर्णधार मिडऑनवरून ओरडून क्षेत्ररक्षक हलवतो ते शब्दान् शब्द कानावर पडतं. सीमारेषेवरच्या पोराच्या बुटांना लागलेली लाल माती दिसते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, तिसरा स्पेल टाकताना थकलेला वेगवान गोलंदाज रनअपच्या टोकाला जाऊन क्षणभर कमरेवर हात ठेवतो, मग पुन्हा धावत येतो. बाद फेरी नाही, करंडक नाही, तरी तो धावत येतो. मला वाटतं, तुमचा भाचाही शिकागोत हेच बघायला जातो.

प्रश्न : नाशिक महाराष्ट्रात, मुंबई महाराष्ट्रात, नागपूरही महाराष्ट्रात. मग 'महाराष्ट्र' संघ हरतो आणि मुंबई-विदर्भ जिंकतात, तेव्हा आम्ही आनंद मानायचा की दुःख?
– एक विद्यार्थी, सातपूर

उत्तर : क्रिकेटमध्ये राज्याचे तीन भाग आहेत. मुंबईची संघटना वेगळी, विदर्भाची वेगळी, आणि नाशिकसह उरलेल्या महाराष्ट्राची पुण्याची महाराष्ट्र क्रिकेट संघटना. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईनं विदर्भाला हरवून बेचाळिसावा करंडक घेतला. पुढच्याच वर्षी विदर्भानं नागपुरात केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर आपला तिसरा मिळवला. राज्यातले दोन संघ करंडकासाठी भिडतात आणि आपला तिसरा कडेला उभा राहतो, याची हळहळ वाटणं अगदी स्वाभाविक आहे. मराठी मुलांच्या यशाचा आनंद खुशाल माना. पण आपला संघ एकच, आणि तो बदलता येत नाही.

दोघांनाही एक विनंती. रणजीचं वेळापत्रक जाहीर झालं की नाशिकचा सामना शोधून ठेवा. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. चारही दिवस जमणार नसेल तर पहिल्या दिवशी सकाळी या, नाहीतर दोन्ही संघांचे पहिले डाव एकमेकांच्या जवळ येऊन ठेपतील त्या दिवशी या. गुणतक्त्यात महाराष्ट्र कितव्या जागेवर आहे हे घरून निघताना बघू नका.