बाईचे मत, बाईचे नाव

मंडळी, मतदानाच्या दिवशी गावच्या शाळेपुढे बायांची रांग लागते. बोटाला शाई लावून घ्यायची, मत द्यायचे आणि भांगलणीला जायचे. यात आज कुणाला नवल वाटत नाही. पण शंभर वर्षांमागे बाईने मत मागितले तर लोक हसत.

हे काही आपल्याच मुलखात होते असे नाही, बरं का! युरोपात डेन्मार्क नावाचा लहानसा देश आहे. तोही दूधदुभत्याचा आणि सहकारी डेअऱ्यांचा. तिथल्या बायकांनी १८७१ साली आपली संस्था काढली. गावच्या कारभारात त्यांना मत मिळाले १९०८ साली, आणि देशाच्या कारभारात १९१५ साली.

आता आपल्याकडे पाहू. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गाव आहे. यशवंतराव चव्हाण जन्मले तेच हे गाव. तिथल्या कुर्लेकरांची मुलगी १८७३ साली, अकरा वर्षांची असताना, महादेव गोविंद रानडे यांना दिली. रानड्यांचे लहानपण कोल्हापुरात गेलेले. पोरीच्या जातीने अक्षर शिकू नये, अशी माहेरची रीत. नवऱ्याने मात्र तिला शिकवायला घेतले. घरातल्या बायकांनाच ते खपेना. त्या टोचून बोलत, पण हिने पाटी सोडली नाही. ह्याच रमाबाई रानडे.

१९१७ साली सरोजिनी नायडू आणि इतर बायका इंग्रज मंत्री माँटेग्यू यांना भेटल्या. बायांना मत द्या, म्हणाल्या. १९१९ साली कायदा झाला, पण सरकारने हा प्रश्न प्रांतांवर ढकलला. मग मुंबई इलाख्यात रमाबाई पुढे झाल्या. तेव्हा त्यांची साठी जवळ आली होती. १९२१ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलाने बायांना मत दिले.

दिले खरे, पण कुणाला? जिच्या नावावर मालमत्ता, तिलाच. अहो, जमीन सासऱ्याच्या नावावर, नाहीतर नवऱ्याच्या. राबायची मात्र ती! म्हणजे तिला मत कुठले? शिवाय कोल्हापूर हे संस्थान. इलाख्याचा तो कायदा इथे लागू नव्हता. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले होते. शाळा आली, मत यायचे होते.

१९३५ च्या कायद्याने दार आणखी थोडे उघडले. मुंबई इलाख्यात लिहिता-वाचता येणाऱ्या बाईला मत मिळाले, मग तिच्या नावावर जमीन नसली तरी चालेल. अक्षराला अशी किंमत आली.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. २६ जानेवारी १९५० पासून देशाची राज्यघटना लागू झाली. ती करणाऱ्या सभेत पंधरा बायका होत्या, आणि आपल्याकडचे रत्नाप्पा कुंभारही होते. एकवीस वर्षे पुरी झालेल्या प्रत्येकाला मत, असे ठरले. जमीन नको, अक्षर नको, बाई-बाप्या भेद नको. (१९८९ पासून वयाची अट अठरा वर्षांची झाली.)

१९५१-५२ साली पहिली निवडणूक आली आणि वेगळीच अडचण निघाली. याद्या करणारे दारात आले की बाई आपले नाव सांगेना. "अमक्याची बायको", "तमक्याची आई", एवढेच लिहा म्हणे. उत्तरेकडच्या राज्यांत हे फार झाले. निवडणुकीचे मुख्य अधिकारी सुकुमार सेन म्हणाले, मत बाईचे आहे, तर नावही बाईचेच हवे. सुमारे ८ कोटी बाया मतदार होत्या. त्यातल्या जवळजवळ २८ लाख बायांना यादीतून वगळावे लागले.

हुकूम कडक वाटतो. पण आमच्या मते सेनसाहेबांचे बरोबर होते. अमक्याची बायको म्हणून कुणीही उभी राहील, ती हीच हे ओळखायचे कसे?

अभ्यास
कोल्हापूर संस्थान कोणत्या साली विलीन झाले? १९२१ साली गरीब बाईला मत का मिळाले नाही? आपले पूर्ण नाव पाटीवर लिहा. मतदार यादीत ते तसेच लिहिले आहे का, ते वाचून पाहा. चूक असेल तर ती दुरुस्त करून घ्या.