गोवर एकदाच, मग जंत पुन्हा पुन्हा का?

प्रश्न : नातीला शाळेत दर सहा महिन्यांनी जंताची गोळी देतात. गोवर एकदा येऊन गेला की पुन्हा येत नाही. मग जंतांविरुद्ध प्रतिकारशक्ती का तयार होत नाही?

उत्तर : होते, पण फार सावकाश आणि अर्धीमुर्धी. गोवराचा विषाणू इतका सूक्ष्म की एखादी पेशी त्याला सहज गिळते. पोटातला गोल जंत वीतभर किंवा त्याहूनही लांब असतो. त्याला गिळणार कोण? म्हणून शरीर आतड्यातला चिकट स्राव आणि आतड्याची हालचाल वाढवून त्याला बाहेर ढकलू पाहतं. आयजीई नावाची प्रतिपिंडं आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी अळ्यांवर तुटून पडतात. रक्ताच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिल वाढलेले दिसले की डॉक्टर जंतांबद्दल विचारतात, ते यामुळेच.

जंतही स्वस्थ बसत नाहीत. शरीराचा हल्ला मंदावेल असे पदार्थ ते सोडतात. रक्तवाहिन्यांत राहणारे शिस्टोसोमा कृमी तर आपल्याच शरीरातले रेणू अंगावर पांघरून वर्षानुवर्षं जगतात. यांच्या अळ्या गोड्या पाण्यातून कातडीत शिरतात. हा रोग मुख्यतः आफ्रिकेतला, पण १९५२ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावातही त्याची नोंद झाली होती.

जंतांविरुद्धच्या प्रतिकारशक्तीबद्दल बरंच काही कळलं ते या कृमींमुळे. केनिया आणि गांबियात रुग्णांना औषध देऊन पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. दूषित पाण्यात सगळेच उतरत होते, तरी लहान मुलांना पुन्हा लागण झाली आणि मोठ्यांना पुष्कळ कमी. ज्यांच्या रक्तात या कृमींविरुद्धचं आयजीई जास्त, त्यांना पुन्हा लागण कमी, असं गांबियातल्या संशोधकांनी १९९१ मध्ये दाखवलं. अंगातले जुने कृमी मरतात तेव्हा त्यांच्या अवशेषांतून शरीराला शत्रूची ओळख पटते, असं संशोधक मानतात. कृमीच दीर्घायुषी, त्यामुळे ही ओळख पटायला बालपण सरतं.

मग लस का नाही? अंकुशकृमीवरची एक लस ब्राझीलमध्ये देऊन पाहिली, तेव्हा आधी लागण झालेल्या काहींच्या अंगावर पित्त उठलं. लसीतल्या प्रथिनाविरुद्धचं आयजीई त्यांच्या रक्तात आधीपासूनच होतं. चाचणी थांबवावी लागली. माणसांच्या जंतांवर मान्यताप्राप्त लस आजही नाही.

शाळेतली अल्बेंडाझोलची गोळी पोटातले जंत मारते, पुढच्या लागणीपासून वाचवत नाही. गोल जंतांची संख्या पोटात वाढत नाही. त्यातला प्रत्येक जंत मातीतून, न धुतलेल्या हातातून किंवा भाजीतून आलेल्या एकेका अंड्यातला असतो. म्हणून नातीची एकही गोळी चुकवू नका, ती नीट चावून खायला सांगा, आणि जेवणाआधी व शौचानंतर साबणाने हात धुण्याची सवय तिला आजपासूनच लावा.